विश्लेषण : घरातली सुई आणि घंटागाडीवरचा हात… कचरा कामगारांचे आरोग्य हातमोज्यांपाशीच का अडते?

मधुमेहाच्या रुग्णाने घरी टोचून घेतलेले इन्सुलिन आणि रुग्णालयात परिचारिकेने दिलेले इन्सुलिन यांत फरक नाही. सुईही तशीच असते. फरक पडतो तो सुई वापरून झाल्यावर. रुग्णालयातली सुई पांढऱ्या, आरपार टोचली जाणार नाही अशा डब्यात पडते. घरातली सुई मात्र बहुतेक वेळा कांद्याची साले, चहाचा चोथा आणि दुधाच्या पिशव्या यांच्यासोबत एकाच पिशवीत जाते. सकाळी ती पिशवी घंटागाडीवरचा कामगार उचलतो, दाबतो, कधी फोडून निवडतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत हे रोज किती दारांवर घडत असेल, याचा अंदाज लोकसंख्येवरून येतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीत १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक माणसे होती. त्यानंतर घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याण-शीळ मार्गावर किती इमारती उभ्या राहिल्या, हे लोकलमधून उतरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. या सगळ्या घरांचा कचरा उचलणाऱ्यांच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा हातमोजे दिले की नाही आणि ते घातले की नाही, यावर येऊन थांबते. प्रश्न त्याच्या बराच आधी सुरू होतो.

एकाच सुईला दोन नियम कसे?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २८ मार्च २०१६ रोजी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम अधिसूचित केले. त्याच मंत्रालयाने ११ दिवसांनी, ८ एप्रिल २०१६ रोजी, घनकचरा व्यवस्थापनाचे नियम आणले. पहिले नियम रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा, लसीकरण शिबिरे यांच्यासाठी, तर दुसरे घरे, दुकाने आणि पालिकांसाठी.

पहिल्या नियमांत, असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करायची आहे. सुई टोचण्यासारख्या लहान अपघातांची माहितीसुद्धा वार्षिक अहवालात द्यायची आहे.

दुसऱ्या नियमांत कामगाराच्या वाट्याला मुख्यतः साहित्य आले : गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क. ते मिळेल आणि वापरले जाईल याची खात्री स्थानिक संस्थेने करायची. याच नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ अशी वेगळी वर्गवारी केली होती आणि तिच्यात रंगाचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर यांच्यासोबत वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे घरातून सुया येतात, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते.

तरीही रुग्णालयातली सुई उचलणाऱ्याला लस आणि घरातली सुई उचलणाऱ्याला हातमोजे, अशी विभागणी झाली. वास्तविक रुग्णालयातल्या कामगाराला डब्यात सुया आहेत हे माहीत असते. घंटागाडीवरच्याला ते टोचल्यावर कळते.

टोचल्यावर धोका किती?

घाबरून जाण्याइतका नाही आणि दुर्लक्ष करण्याइतका कमीही नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील अभ्यासांतून मिळालेले आकडे सर्वत्र वापरले जातात. बाधित व्यक्तीला वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली तर एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे साधारण ३०० वेळांत एकदा. हेपेटायटिस सीसाठी पूर्वीपासून सांगितला जाणारा आकडा सुमारे १.८ टक्के आहे. हेपेटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला मात्र हा धोका ६ ते ३० टक्के इतका असू शकतो.

कचऱ्यातली सुई जुनी, वाळलेली असते आणि कोणाची ते कळत नाही. त्यामुळे प्रत्यक्षातला एचआयव्हीचा धोका आणखी खाली येतो. पण हेपेटायटिस बीचा विषाणू चिवट आहे. शरीराबाहेर तो किमान सात दिवस टिकू शकतो. तीन दिवस घरातल्या डब्यात पडलेली सुईही त्यामुळे निर्धोक नसते.

आता गंमत पाहा (खरे तर गंमत नाही). या तिन्हींपैकी सर्वांत सहज लागणारा आजार हेपेटायटिस बी, आणि लस आहे तीही फक्त त्याच्यावरच. पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, एवढेच काम. ही लस बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात देशभर आली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेक कामगारांना ती लहानपणी मिळालेली असण्याची शक्यता कमी. कोणी वेगळी दिली नसेल तर हा कामगार लशीविनाच काम करतो आहे.

टोचल्यानंतर काय करायचे, हे ठरलेले आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. ती पिळायची नाही, बोट तोंडात घालायचे नाही, तिच्यावर तीव्र जंतुनाशक ओतायचे नाही. मग थेट रुग्णालय गाठायचे. एचआयव्ही रोखण्यासाठी औषधे द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. द्यायची असतील तर ती जितकी लवकर सुरू होतील तितके चांगले, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. औषधांचा कोर्स २८ दिवसांचा असतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही मदतवाहिनी मोफत आहे.

ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर… सरकारी व पालिकेची रुग्णालये दूर नाहीत. अडचण अंतराची नसते, वेळेची असते. सकाळी सातला बोटाला टोचले, गाडीच्या फेऱ्या दुपारपर्यंत चालणार, मध्येच निघाले तर दिवसाचा खाडा. मग फडके गुंडाळून काम सुरू राहते. ७२ तासांतले पहिले काही तास तिथेच जातात.

हातमोजे असूनही सुई आत कशी जाते?

कारण बहुतेक हातमोजे सुईसाठी बनवलेलेच नसतात. बाजारात औद्योगिक हातमोज्यांवर ‘ईएन ३८८’ हे युरोपीय मानक छापलेले दिसते आणि त्यात ‘पंक्चर’साठी एक अंक असतो. ती चाचणी होते ती साडेचार मिलिमीटर जाडीच्या बोथट दांड्याने. इन्सुलिनची सुई असते मिलिमीटरच्या एक चतुर्थांशाइतकी बारीक. दांडा अडवणाऱ्या विणीतून ती सहज निसटते. इंजेक्शनच्या सुईसाठी वेगळी अमेरिकी चाचणी आहे, पण त्या दर्जाचे हातमोजे महाग आणि जाड असतात. ते घालून पिशवीची गाठ सुटत नाही.

म्हणून हातमोजे काढून ठेवले जातात. त्याला ‘कामगारांचा निष्काळजीपणा’ म्हणणे सोपे आहे. मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत रबरी मोजे घालून दहा मिनिटे काम केले की आत घामाचे पाणी साचते आणि पकड सुटते. मास्कचेही तेच. चढावर हातगाडी ढकलताना नाकावर ओला मास्क चिकटला की तो हनुवटीवर येतोच. बूट पुरुषांच्या मापाचे आले तर झाडू मारणाऱ्या महिलांना ते घालून चालता येत नाही. साहित्याचे वाटप झाल्याची नोंद वहीत असते, ते कोणाच्या मापाचे होते हा रकाना तिथे नसतो.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा जगभर मान्य असलेला एक क्रम आहे. आधी धोकाच काढून टाका, ते जमत नसेल तर कमी घातक पर्याय आणा, मग यंत्ररचनेने माणूस आणि धोका वेगळे करा, मग कामाची पद्धत बदला. हातमोजे आणि मास्क या क्रमात सर्वांत शेवटी येतात, कारण ते धोका तसाच ठेवून फक्त माणसाला झाकतात. आपल्याकडे कचऱ्याच्या बाबतीत हा क्रम उलटा चालतो. पहिला उपाय हातमोजे, आणि अनेकदा शेवटचाही तोच.

या क्रमात पहिल्या पायरीच्या सर्वांत जवळ जाते ते घरातच वर्गीकरण. कल्याण-डोंबिवली महापालिकेने मे २०२० मध्ये तत्कालीन उपायुक्त रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने ‘शून्य कचरा’ मोहीम सुरू केली आणि वर्गीकरण न केलेला कचरा घेण्यास नकार द्यायला सुरुवात केली. तेव्हा चर्चा झाली ती आधारवाडीचा डोंगर कमी होण्याची आणि रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटण्याची. पण वर्गीकरणाचा पहिला लाभार्थी पिशवी उघडणारा हात असतो. ओला कचरा वेगळा आला तर त्यात चाचपडावे लागत नाही. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून आले तर ते न उघडता बाजूला ठेवता येतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत (स्थापना १९९३) आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था यांनी याचसाठी पॅडच्या पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. खर्च काय, तर जुने वर्तमानपत्र आणि लाल पेन.

क्षेपणभूमी बंद झाल्या, मग धूळ कुठे गेली?

कल्याण पश्चिमेची आधारवाडी क्षेपणभूमी मे २०२१ मध्ये नव्या कचऱ्यासाठी बंद झाली. दिव्यातील क्षेपणभूमी ठाणे महापालिकेने २०२३ च्या सुरुवातीला बंद केली आणि कचरा आधी भंडार्लीकडे, पुढे डायघरकडे वळला. उन्हाळ्यात पेटणारे कचऱ्याचे डोंगर आणि दिवसेंदिवस रेंगाळणारा धूर ज्यांनी सोसला, त्या परिसरासाठी ही मोठी सुटका होती. हा प्रश्न किती चिघळला होता, याची आठवण एवढ्यावरून यावी की कचऱ्याच्या अव्यवस्थेमुळे २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांनाच मनाई केली होती.

मात्र कचरा उघड्या डोंगरावरून उठून आता छपराखाली आला आहे. वागळे इस्टेटमधील सी. पी. तलाव हस्तांतरण केंद्र, डायघर, कल्याणचे उंबर्डे आणि बारावे या ठिकाणी तो उतरवला जातो, चाळला जातो, निवडला जातो. नागरिकांच्या दृष्टीने हे उत्तमच. आत काम करणाऱ्याच्या दृष्टीने हिशोब वेगळा आहे. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याच्या ढिगात बुरशी वाढते, ढीग हलवला की तिचे बीजाणू आणि जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतली विषद्रव्ये हवेत उडतात. मोकळ्या मैदानात वारा ती पातळ करतो. बंद शेडमध्ये ती तिथेच घोळत राहतात.

डेन्मार्कने हे चार दशकांपूर्वी अनुभवले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या एका नव्या कचरा वर्गीकरण केंद्रात काही महिन्यांतच १५ पैकी ८ कामगारांना दम्याचा त्रास सुरू झाला. केंद्र आधुनिक होते, हवा खेळती ठेवण्याचा विचार मागे राहिला होता. त्यानंतर तिथे अशा केंद्रांच्या रचनेकडे आरोग्याच्या नजरेने पाहिले जाऊ लागले.

जुन्या क्षेपणभूमीवरचे ‘बायोमायनिंग’ही याच यादीत येते. वर्षानुवर्षे दबलेला कचरा उकरून, फिरत्या चाळणीतून माती, प्लास्टिक आणि दगड वेगळे केले जातात. कामाच्या प्रगतीचे फलक टनांत असतात. चाळणीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसाची क्षमता कामाआधी किती होती आणि आता किती आहे, हे मोजायला स्पायरोमीटर नावाचे छोटे यंत्र आणि माणशी काही मिनिटे पुरतात.

पावसाळ्यात वेगळे काय?

लेप्टोस्पायरोसिस. ठाणे-कल्याणकरांना हे नाव नीट माहीत झाले ते २६ जुलै २००५ च्या पुरानंतर. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून हे जिवाणू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून किंवा पाण्यात भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. जिथे कचरा तिथे उंदीर, आणि जिथे पाणी तुंबते तिथे गटाराच्या तोंडावरचा कचरा काढायला सफाई कामगारच जातो.

गमबूट उपयोगी आहेत, पण पाणी बुटाच्या काठावरून आत गेले की तोच बूट पाण्याची बादली होतो आणि पाय तासन् तास त्यात भिजत राहतो. पाणी साचल्यावर वेळेत घेतलेल्या डॉक्सिसायक्लिनने धोका कमी होतो. कोणी, किती घ्यायचे हे वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवायचे असते. पाण्यात उतरल्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर ‘मी पाण्यात काम केले होते’ हे वाक्य डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे. अन्यथा तो साधा ताप समजला जातो. उशीर झाला तर आजार मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जातो.

स्वच्छता ठेवायची तरी कुठे?

शहर स्वच्छ करणाऱ्यांना ‘वैयक्तिक स्वच्छता पाळा’ असे सांगणारे फलक हजेरी शेडमध्ये लावणे सोपे आहे. त्या शेडमध्ये नळ आहे का, नळाला सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळेत पाणी असते का आणि तिथे साबण कोण ठेवतो, हे प्रश्न कमी विचारले जातात. खरे तर अख्ख्या विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे.

कचरा उचलणाऱ्याचा हात आणि तोंड यांच्यात दिवसभरात अनेकदा संपर्क येतो. चहा, वडापाव, पाण्याची बाटली आणि तंबाखू. वास मारायला तंबाखू किंवा मिश्री लागते, असे कामगार सांगतात आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पण तळहातावर चुना-तंबाखू मळताना त्या हातावर काय होते, हे वेगळे सांगायला नको. जुलाब, कावीळ, जंत हे आजार याच वाटेने येतात. व्यसनमुक्तीची व्याख्याने होतात, ती व्हावीतही. तोपर्यंत रस्त्यावरच्या फेरीत दर दोन तासांनी हात धुता येईल अशी पाण्याची टाकी गाडीला लावणे अवघड नाही. घंटागाडीला गाणे वाजवणारा भोंगा बसवता येतो, तिथे वीस लिटरचा नळ असलेला पिंपही बसतो.

महिलांसाठी ही अडचण दुप्पट होते. रस्ता झाडायला पहाटे निघायचे आणि ठरलेल्या पट्ट्यात स्वच्छतागृह नाही किंवा उघडलेले नाही. मग उपाय एकच, पाणी कमी प्यायचे. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात, उन्हाळ्यात चक्कर येते. मासिक पाळीच्या दिवसांत तर ही पाच-सहा तासांची फेरी कशी पार पडत असेल, हे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत एखादी झाडूवाली बसली असती तर आराखडा बदलला असता.

आणि गणवेश. तो घालूनच घरी जायचे, लोकलच्या गर्दीत अंग चोरून उभे राहायचे, घरी तो बाळाच्या कपड्यांसोबत एकाच बादलीत भिजवायचा. कामाच्या जागेवरचा संसर्ग घरात येण्याचा हा सरळ रस्ता आहे. कपडे बदलायला आडोसा, अंघोळीला नळ आणि कुलूप लावता येईल असे कपाट, एवढ्याने तो बंद होतो. कायम कामगारांच्या वेतनात धुलाई भत्ता असतो, तो याचसाठी.

कंत्राटदार बदलला की कामगाराची फाइल कुठे जाते?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार रस्ते झाडणे आणि कचरा उचलणे ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, ऐच्छिक नव्हेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही पालिका याच कायद्याखाली चालतात. प्रत्यक्षात हे काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे आहे. कल्याण-डोंबिवलीने २०२५ मध्ये चेन्नईच्या धर्तीवर बऱ्याच प्रभागांतील संकलन आणि रस्तेसफाई खासगी कंपनीकडे सोपवली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने मुख्य कामांत कंत्राटी कामगार ठेवायला मनाई केली आहे. पण मुख्य काम कोणते, याची व्याख्या करताना झाडलोट, सफाई आणि सर्व प्रकारचा कचरा उचलणे व त्याची विल्हेवाट ही कामे तिच्यातून वगळली आहेत. पुढे एक अट आहे : ती आस्थापना मुळात त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. सॉफ्टवेअर कंपनी कचरा उचलण्यासाठी स्थापन झालेली नाही, हे उघड आहे. महापालिकेचे काय? कलम ६३ समोर ठेवून हा प्रश्न न्यायालयात जाणारच नाही, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेल्या प्रकरणात २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्कामोर्तब केले होते. ठाण्यात श्रमिक जनता संघ हे प्रश्न अनेक वर्षे मांडत आहे.

याचा आरोग्याशी संबंध काय? थेट आहे. फुप्फुसाचा विकार दहा-पंधरा वर्षांत वाढतो. कंत्राटे काही वर्षांची असतात. कंत्राटदार बदलला की कामगार बहुतेक तोच, झाडू तोच, रस्ता तोच, मालक मात्र नवा. जुन्या मालकाने तपासणी केली असली तरी तिचे कागद नव्याकडे येतीलच असे नाही. तिसऱ्या कंत्राटदाराच्या काळात दम लागायला लागला, तर आजार कोणाच्या काळातला? लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, पण दुसऱ्या डोसनंतर कंत्राट संपले तर तिसरा कोण देणार? नोंदवही पालिकेकडे असेल तरच याला उत्तर आहे.

राज्य कामगार विमा योजनेचे (ईएसआय) गणितही समजून घ्यावे लागते. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू होते. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. २० हजार वेतनावर कामगाराचे १५० आणि मालकाचे ६५० रुपये. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि उल्हासनगरला या योजनेची रुग्णालये आहेत. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, तीही आधीच्या सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर. तोच आजार कामामुळे झाला असे ठरले तर दर ९० टक्क्यांवर जातो आणि वर्गणीच्या दिवसांची अट उरत नाही. वेतन २१ हजारांपलीकडे गेलेला कामगार मात्र या छत्रीबाहेर जातो, त्याला थेट मालकाकडून भरपाई मागावी लागते.

कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत अगदी पहिली नोंद संसर्गजन्य रोगांची आहे. आरोग्यसेवा, प्रयोगशाळा, जनावरांशी संबंधित कामे यांच्यापुढे तिथे ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले अन्य काम’ असेही लिहिले आहे. कचरा कामगाराची कावीळ किंवा लेप्टो त्यात बसवण्याचा दावा करता येतो. पण दाव्याला कागद लागतो. अमुक तारखेला, अमुक गल्लीत, उजव्या हाताच्या तर्जनीला सुई टोचली, मुकादमाची सही, रुग्णालयाचा केसपेपर. फडके गुंडाळून फेरी पूर्ण केलेल्या माणसाकडे हा कागद नसतो. काही महिन्यांनी कावीळ निघाली की ती ‘बाहेरचे पाणी प्यायला’ या खात्यात जमा होते, नाहीतर ‘दारू पितो’ या खात्यात.

हे खाते इतक्या सहज लावले जाते, त्याचा संबंध या कामात पिढ्यान् पिढ्या कोण आहे याच्याशीही आहे. सफाईचे काम मोठ्या प्रमाणावर दलित समाजांच्याच वाट्याला आले. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ती कुटुंबाला आधार देते आणि मुलाच्या हातातही तोच झाडू देते. कंत्राटी कामगाराला झाडू मिळतो, वारसा हक्क नाही.

नव्या संहितेत मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. केंद्र सरकारने ती ४० वर्षांवरील कामगारांसाठी म्हणून सांगितली आहे. सुई मात्र वय पाहून टोचत नाही. विशीतल्या कामगाराची तपासणी आणि लस यांसाठी निविदेतच कलम घालावे लागेल : कामावर घेताना पहिला डोस, रक्ततपासणी, फुप्फुसांची तपासणी, प्रत्येक टोचणीची नोंद, आणि या नोंदी कंत्राट संपताना पालिकेच्या आरोग्य विभागाच्या ताब्यात. वाहनांची संख्या, फेऱ्या, जीपीएस आणि दंडाचे दर निविदेत बारकाईने लिहिता येतात, तिथे हेही लिहिता येईल.

घरातल्या सुईचे काय करायचे?

२०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जमा केंद्र सांगितले होते. ठाणे पालिकेचे क्षेत्रफळ सुमारे १२८ चौरस किलोमीटर धरले तर किमान सात केंद्रे होतात. आपल्या घराजवळचे केंद्र कुठे आहे आणि ते कधी उघडे असते, हे प्रभाग समिती कार्यालयात विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या घनकचरा नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार आहेत.

सुईसाठी मात्र नव्या डब्याची वाट पाहायची गरज नाही. घट्ट झाकणाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली, डिटर्जंटची किंवा फिनाइलची, पुरेशी आहे. इन्सुलिनच्या सुया आणि साखर तपासायच्या टोचण्या वापरल्याबरोबर त्यात टाकायच्या. टोपण परत लावायचा प्रयत्न करायचा नाही, त्यात स्वतःलाच टोचते. बाटली पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी गुंडाळायची आणि वर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहायचे. जवळचा दवाखाना किंवा प्रयोगशाळा ती घ्यायला तयार असेल तर सर्वांत चांगले, कारण तिथून ती जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. तसे झाले नाही तर ती ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत दडवायची नाही. घंटागाडी आली की वेगळी, हातात द्यायची आणि आत सुया आहेत हे सांगायचे.